उष्ण काळ हिरवा होता, म्हणून?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. संध्याकाळच्या खुल्या चर्चेला विज्ञान मंडळाचे काही विद्यार्थीही आले होते. हवामानबदलावर बरेच बोलून झाल्यावर अकरावीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, सहाराच्या वाळवंटात पूर्वी गवत होते, तळी होती, पाणघोडे होते असे मी वाचले. तेव्हा पृथ्वी उष्ण होती असेही त्यातच लिहिले होते. मग आता पृथ्वी पुन्हा उष्ण होत असेल तर पाऊस वाढायलाच हवा ना? आपण घाबरायचे कशाला?" सभागृहात हशा पिकला. आमच्या मते तो पिकायला नको होता. ती मुलगी जे विचारत होती तेच, भरपूर आलेख जोडून, मोठी माणसेही ठासून सांगत असतात. ती निदान विचारत तरी होती. आम्ही त्या दिवशी "तेव्हाची परिस्थिती वेगळी होती" एवढे सांगून सुटका करून घेतली. वेगळी म्हणजे नेमकी कशी, असे तिने पुढे विचारले असते तर आमची पंचाईत झाली असती. हा लेख म्हणजे त्या अर्धवट उत्तराची दुरुस्ती समजावी.

तिने दिलेला पुरावा खरा आहे, हे आधी मान्य करू. अल्जीरियातील तासिली पठारावरच्या खडकांवर गुरांचे कळप, जिराफ आणि पाणघोडे चितारलेले आहेत. चित्रकाराने ते कल्पनेने काढले असतील अशी शंका घेतली, तर जमिनीतला गाळ साक्षीला आहे. चाडचे सरोवर तेव्हा सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर पसरले होते. आपला अख्खा महाराष्ट्र त्यात मावून वर जागा उरली असती. आज त्याचा लहानसा अवशेष शिल्लक आहे. नायजर देशातील गोबेरो या ठिकाणी एका आटलेल्या तळ्याच्या काठी माणसांची दफने सापडली आणि त्यांच्या आसपास मासे, मगरी व पाणघोडे यांची हाडे. त्याचा वृत्तांत २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ढोबळमानाने ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वीचा हा काळ. सहाराच्या बऱ्याच भागावर तेव्हा मोसमी पाऊस पडत होता यात वाद नाही.

वाद आहे तो "उष्ण" या शब्दाबद्दल. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून त्या काळच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. सहारा हिरवा असताना, म्हणजे ६,००० वर्षांपूर्वी, तो दर दशलक्ष भागांत सुमारे २६५ भाग होता. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता आणि आज ४२० च्या वर गेला आहे. म्हणजे सहाराला हिरवे करणारी उष्णता आज आपल्याला भेडसावणारी उष्णता नव्हेच. पृथ्वीचे वर्षभराचे सरासरी तापमानही तेव्हा फारसे वेगळे नव्हते. वेगळे होते ते उन्हाळ्यातले ऊन.

याचे कारण पृथ्वीच्या कक्षेत आहे. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती हल्ली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. ही तारीख हजारो वर्षांत हळूहळू सरकत जाते. ९,००० वर्षांपूर्वी ती जुलैच्या अखेरीस येत असे. शिवाय पृथ्वीचा आसही आजच्यापेक्षा किंचित अधिक कललेला होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये हिशेब मांडून दाखवले, की त्या काळी जुलै महिन्यात पृथ्वीला मिळणारे ऊन आजच्यापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त होते. हे आकडे त्यांनी हवामानाच्या संगणकी मॉडेलमध्ये घातले तेव्हा आफ्रिका आणि आशिया या दोन्ही खंडांवरचा मोसमी पाऊस जोरकस झाला. उन्हाळ्यात मिळालेले हे जादा ऊन हिवाळ्यात कमी पडत होते. वर्षाचा हिशेब जवळपास तेवढाच. फक्त वाटप बदलले होते. मोसमी पावसाला मात्र वर्षाच्या सरासरीशी कर्तव्य नसते. त्याला उन्हाळ्यात जमीन आणि समुद्र यांच्यात फरक पडावा लागतो. उन्हाळी ऊन वाढले की जमीन लगेच प्रतिसाद देते आणि समुद्र मागे रेंगाळतो. कार्बन डायऑक्साइडची उष्णता दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, जमिनीवर आणि पाण्यावर अशी सगळीकडे चढत जाते. दोन्हींना आपण "उष्ण हवामान" असे एकच नाव देतो आणि फसतो.

इथे आमच्यावर उलट आक्षेप येऊ नये म्हणून सांगतो, की तापणाऱ्या पृथ्वीवर आपला मोसमी पाऊस वाढणारच नाही असे आमचे म्हणणे नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते आणि दीर्घकाळात दक्षिण आशियातील मोसमी पाऊस वाढेल असाच बहुतेक मॉडेलांचा कल आहे. पण तो पाऊस बाष्प वाढल्याने येणारा, अवेळी आणि झोडपून जाणारा. गोबेरोच्या तळ्याचा दाखला देऊन त्याची ग्वाही देता येत नाही.

परंतु ती मुलगी चुकली याचे अर्धे श्रेय आपल्या पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरणाला द्यावे लागेल. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, कमी दाबाचा प्रदेश तयार होतो आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे धाव घेतात. एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडलेली ही कल्पना आपण फळ्यावर दोन बाण काढून शिकवतो. ती खोटी नाही, पण एवढ्यावर सोडली तर तिचा सरळ निष्कर्ष "जितकी जमीन तापेल तितका पाऊस" असा होतो. मग विदर्भातल्या कोणत्याही विद्यार्थ्याने विचारावे, की नागपूर-चंद्रपूर मे महिन्यात ४५ अंशांवर तापते आणि जुलैत पारा खाली येतो. मग पाऊस मे महिन्यात का पडत नाही? ही शंका नवी नाही. हिंदुस्थानच्या हवामान खात्यात काम केलेल्या जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ मध्ये ती छापील स्वरूपात मांडली होती. दुष्काळी वर्षी आपली जमीन सुकाळाच्या वर्षापेक्षा जास्त तापलेली असते, हेही प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. शंभर वर्षे होऊन गेली, फळ्यावरचे दोन बाण मात्र तसेच आहेत.

सर्वांत मोठा विरोधी दाखला खुद्द सहारा हाच आहे. जुलैमध्ये सहाराइतकी तापलेली जमीन पृथ्वीवर क्वचितच असेल. मग तिथे आज मोसमी पाऊस का नाही?

याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हवामानशास्त्रज्ञ जूल चार्नी यांनी १९७५ मध्ये दिले, आणि आमच्या मते ते अकरावी-बारावीच्या वर्गात सांगण्यासारखे आहे. सहाराची फिकट वाळू आलेल्या उन्हाचा मोठा वाटा आल्या पावली परत पाठवते. वर ढग नाहीत, हवा कोरडी. त्यामुळे तापलेल्या वाळूतून निघणारी उष्णताही विनाअडथळा अवकाशात निघून जाते. जमीन आणि तिच्यावरचा हवेचा सगळा थर एकत्र धरून जमाखर्च मांडला, तर भर उन्हाळ्यातही सहाराचा खर्च जमेपेक्षा जास्त निघतो. ही तूट भरून काढण्यासाठी वरची हवा खाली उतरते, दाबली जाऊन तापते आणि उष्णतेची भरपाई करते. खाली उतरणाऱ्या हवेत ढग तयार होत नाहीत. थर्मामीटर फक्त जमिनीच्या कातडीचे तापमान सांगतो. पाऊस ठरतो तो वरच्या सबंध थराच्या जमाखर्चावर. ओलसर, गडद, गवताने झाकलेली जमीन पायाला थंड लागते, पण ती ऊन जास्त शोषते आणि बाष्पाच्या रूपाने ते वर पोचवते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना, आपल्या उन्हाळ्यातल्या तापमानाला, सुमारे ५८० कॅलरी उष्णता अप्रकट रूपात त्या वाफेबरोबर जाते आणि वर ढग होताना मोकळी होते. तापमापकाला न दिसणारी ही उष्णताच मोसमी वाऱ्यांचे खरे इंधन.

चार्नी यांनी आपल्या मॉडेलमध्ये सहाराच्या दक्षिण सीमेलगतच्या जमिनीची परावर्तनक्षमता १४ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर नेली, म्हणजे हिरवळ काढून वाळू पसरली. पाऊस घटला. पाऊस घटला की गवत आणखी कमी होणार, गवत कमी झाले की पाऊस आणखी घटणार. परिणाम उलटून कारणालाच बळ देतो, अशी ही साखळी.

आता टीकेचा भाग. चार्नी यांना उकल करायची होती ती सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पडलेल्या भीषण दुष्काळाची. त्यांच्या मांडणीत दोष गेला गुरे चारणाऱ्यांकडे: जनावरे वाढली, गवत संपले, जमीन उघडी पडली, पाऊस गेला. हा निवाडा लोकप्रिय झाला. असाच निवाडा आपल्याकडेही झालेला आहे. रीड ब्रायसन आणि डेव्हिड बॅरीस यांनी १९६७ मध्ये मांडले होते, की राजस्थानातील धूळ आणि ती उडवणारी अतिचराई यांमुळे तिथली हवा खाली बसते आणि पाऊस अडतो. दोन्हीकडे गुन्हेगार एकच, शेळ्या-मेंढ्यांमागे फिरणारा माणूस. पण २००३ मध्ये अलेसांद्रा जान्नीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की साहेलच्या पावसातले विसाव्या शतकातले चढउतार मुख्यतः महासागरांच्या पृष्ठतापमानामुळे झाले. मॉडेलला फक्त समुद्राचे तापमान पुरवले तरी दुष्काळ उमटतो. उघड्या जमिनीने तो तीव्र केला असेल, घडवला नाही. म्हणजे चार्नी यांची कल्पना ज्या कामासाठी जन्मली त्या कामात ती दुय्यम ठरली, आणि तोवर साहेलच्या गुराख्यांना जगाने बोल लावून झाला होता. कल्पना टाकाऊ होती असे मात्र नाही. तिची खरी जागा सहा हजार वर्षे मागे होती.

कारण कुट्झबाख यांच्या हिशेबात एक उणीव राहिली होती. केवळ वाढीव ऊन घातले की मॉडेलमध्ये पाऊस वाढतो, पण पुरेसा नाही. परागकण सांगतात की आजच्या सहारा-साहेल सीमेवरची वनस्पती तेव्हा सुमारे ५ अंश अधिक उत्तरेला, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर पुढे गेली होती. तेवढे गवत जगवण्याइतका पाऊस निव्वळ उन्हाच्या जोरावर एकाही मॉडेलमध्ये पडेना. १९९६ मध्ये कुट्झबाख आणि सहकाऱ्यांनी जमिनीकडे लक्ष वळवले. उत्तर अक्षांश १५ ते २२ या पट्ट्यात कक्षेतल्या बदलाने उन्हाळी पाऊस १२ टक्के वाढला. वाळवंटाच्या जागी गवताळ प्रदेश ठेवला, आणखी ६ टक्के वाढ. वाळवंटी मातीच्या जागी पाणी धरणारी पोयट्याची माती ठेवली, आणखी १० टक्के. एकूण २८. विद्यार्थ्यांना हे आकडे फळ्यावर मांडायला सांगावे. गवत आणि माती यांचे मिळून १६ टक्के हे सूर्याच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त आहेत, आणि त्यातही मातीचा वाटा गवताहून मोठा. झाडांचे गोडवे गाताना मातीला आपण विसरतो, ते असे.

हा प्रयोग वाचताना आमच्या मनात जी शंका आली ती चौकस वाचकांच्याही मनात आली असेल. गवत तर यांनीच हाताने पेरले! पाऊस वाढल्यावर गवत उगवले की गवत ठेवल्यामुळे पाऊस वाढला? उत्तर आधीच गृहीत धरून केलेले गणित ते गणित नव्हे. हा आक्षेप रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनाही तो जाणवला होता. जर्मनीत मार्टिन क्लाउसेन आणि व्हेरोनिका गायलर यांनी १९९७ मध्ये वनस्पतींचे मॉडेल हवामानाच्या मॉडेलला जोडून दिले आणि गवताला स्वतःहून वाढू किंवा मरू दिले. ६,००० वर्षांपूर्वीचे ऊन दिल्यावर सहाराचा बराच भाग, विशेषतः पश्चिमेकडचा, आपोआप हिरवा झाला. साखळी खरी आहे याचा हा अधिक भरवशाचा पुरावा. तरी प्रश्न मिटला असे कोणी समजू नये. २०२० मध्ये नव्या पिढीच्या मॉडेलांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हाही सहारातला पाऊस कमीच पडत होता. हवेतील धूळ कमी झाल्याचाही हिशेब धरावा, असे फ्रांचेस्को पाउसाता आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सुचवले. गवताने वाळू बांधली की धूळ घटते आणि पाऊस आणखी उत्तरेला सरकतो, असे त्यांचे मॉडेल सांगते. धुळीचा परिणाम किती आणि कोणत्या दिशेने, यावर अजून एकमत नाही.

सहारा पुन्हा वाळवंट कसा झाला, हा वाद तर फारच बोधप्रद आहे. ऊन हजारो वर्षांत हळूहळू कमी झाले. पण वरची साखळी खरी असेल तर हिरवळीने काही काळ तग धरावा आणि मग एकाएकी कोसळावे. मॉरिटानियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळात पीटर डी-मेनोकल आणि सहकाऱ्यांना २००० साली तसेच आढळले: सुमारे ५,५०० वर्षांपूर्वी वाऱ्याने आलेली धूळ झपाट्याने वाढलेली. कल्पना आणि पुरावा इतके छान जुळले की हे उदाहरण पुस्तकांत जाऊन बसले. आणि मग २००८ मध्ये चाडच्या उत्तरेकडील योआ तळ्याच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेफान क्रोपेलिन आणि सहकाऱ्यांना त्यात एकाएकी कोसळण्याची खूण दिसली नाही. आधी झाडे, मग गवत अशी हजारो वर्षे चाललेली सावकाश माघार दिसली. दोन्ही गाळ खरे. एकात मोठ्या प्रदेशाची धूळ साठली, दुसऱ्यात एका तळ्याच्या आसपासचे परागकण. २०१३ मध्ये क्लाउसेन यांच्याच गटाने यातून एक वाट सुचवली. एकाच जातीचे गवत असेल तर ते एकदम मरते. निरनिराळ्या ओलाव्यावर जगणाऱ्या अनेक जाती असतील तर एक गेली तरी दुसरी टिकते आणि उतार सौम्य होतो. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच मुरड घालण्याचा असा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा.

आपल्याकडे त्या काळात काय चालले होते? बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सहारा हिरवा असतानाचा सुरुवातीचा काळ ओला दिसतो आणि पुढे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान पाऊस दीर्घकाळ रोडावलेला. कक्षेतला बदल दोन्ही खंडांना समाईक असल्याने हे साधर्म्य अपेक्षितच. पण राजस्थानातील लूणकरणसर सरोवराची कहाणी इतकी सरळ नाही. १९९९ च्या एका अभ्यासानुसार ते सर्वांत भरलेले होते ते हिरव्या सहाराच्या आरंभी नव्हे तर उत्तरार्धात, आणि ते पूर्ण आटल्यानंतर सुमारे हजार वर्षांनी त्या कोरड्या मुलखात हडप्पा संस्कृती भरभराटीला आली. पाऊस गेला आणि म्हणून संस्कृती गेली, असे एका वाक्यात उरकणाऱ्यांनी हे तळे पाहावे.

आता युक्तिवाद करणारा चतुर असेल तर म्हणेल, सहा हजार वर्षांपूर्वीचे सोडा, त्याहून जुने घ्या. तेही घेऊ. सुमारे ३३ ते ३० लाख वर्षांपूर्वी, प्लायोसीन युगाच्या मध्यावर, हवेत कार्बन डायऑक्साइड ४०० च्या आसपास होता, म्हणजे जवळपास आजच्याएवढा. पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्वीपेक्षा सुमारे ३ अंशांनी उष्ण होती. खंड जवळपास आजच्याच जागी होते. आणि साहेलमध्ये तळी भरलेली, आशियातला आज कोरडा असलेला बराच प्रदेश ओलसर. हा दाखला वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्या मुलीने हा दिला असता तर आमच्याकडे उत्तरच नव्हते.

उत्तर २०२२ मध्ये रान फेंग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळते. त्यांनी अनेक मॉडेलांत एकेक घटक वेगळा करून पाहिला. केवळ कार्बन डायऑक्साइड वाढवला तर प्लायोसीनमधील ओलावा उमटत नाही. तो उमटतो उत्तरेकडील हिमस्तर काढून टाकल्यावर आणि खंडांवर वाढीव हिरवळ घातल्यावर. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समियर बेटावर त्या युगातील लार्च वृक्षांचे अवशेष आणि बीव्हरने कुरतडलेल्या फांद्या सापडल्या आहेत. जिथे आज बर्फ आणि उघडा खडक आहे तिथे जंगल होते. पांढऱ्या बर्फाच्या जागी गडद जंगल आले की उत्तर गोलार्ध जास्त ऊन शोषतो, आणि उष्णकटिबंधातला पावसाचा पट्टा ज्या गोलार्धात उष्णतेची जमा जास्त त्याच्याकडे झुकतो. साहेलची तळी भरण्यात हजारो किलोमीटर दूरच्या लार्चचा हात होता, असे म्हणायला हरकत नाही. हाताने पेरलेल्या गवताचा आक्षेप इथेही काही अंशी लागू पडतो; बहुतेक मॉडेलांत प्लायोसीनची वनस्पती जीवाश्मांवरून रेखाटून आयती दिलेली असते. परंतु इथे वाद कशाने सुरुवात झाली हा नसून कशाचा वाटा किती हा आहे, आणि त्यासाठी ही पद्धत चालते.

या उत्तरातला वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आपण दोन-अडीचशे वर्षांत वाढवला. हिमस्तर वितळायला, टुंड्रावर जंगल चढायला, वाळवंटात पोयट्याची माती तयार व्हायला शतके आणि सहस्रके लागतात. प्लायोसीनमध्ये या सगळ्यांना लाखो वर्षे मिळाली होती. त्याच बर्फ वितळण्याबरोबर समुद्राची पातळीही आजच्यापेक्षा ५ ते २५ मीटर वर होती, हे हिरव्या उष्ण काळाची जाहिरात करणारे सांगत नाहीत. मुंबई, पणजी आणि कोकणपट्टी नकाशावर काढून पाहावी.

मुलीच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याच अंगणातली आहे. १९५० पासून दर जुलैत वनमहोत्सव होतो आणि शाळेच्या भिंतीवर "झाडे लावा, पाऊस आणा" असे रंगवले जाते. वरचे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग घोषणा खरीच ठरली की! तशी ती ठरत नाही. आधी सूर्याने पाऊस उत्तरेला नेला, मग गवताने तो धरून ठेवला आणि वाढवला. गवत हे सुरुवात करणारे नव्हते. कुट्झबाख यांच्या गणितातून ते १२ टक्के काढून घेतले तर उरलेले १६ उभे राहणार कशावर? शाळेच्या आवारातल्या चाळीस झाडांनी गावाचा पाऊस वाढत नाही. त्यांनी सावली मिळते, माती अडते, पाणी मुरते, पाखरे येतात. ती लावायला एवढी कारणे पुरे आहेत आणि ती खरीही आहेत. खोट्या कारणासाठी लावलेले झाड पाऊस न आल्यावर दुर्लक्षाने मरते, हा अनुभव बऱ्याच शाळांचा असेल.

प्रमाण बदलले की गोष्ट बदलते. मुंबईच्या आयआयटीमधील सुपंथा पॉल, सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की भारतातील विरळ वृक्षांचे मोठे प्रदेश शेतीखाली गेल्याने बाष्पोच्छ्वास घटला आणि मोसमी पाऊसही कमी झाला. जमिनीतून पुन्हा वर जाऊन पुन्हा पडणारे पाणी हा आपल्या पावसाचा एक भाग आहे, आणि मोसमाच्या उत्तरार्धात गंगेच्या मैदानात व ईशान्येत तो विशेष जाणवतो. त्याआधी २०१५ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. देवराजू, जी. बाला आणि अंगशुमान मोडक यांनी मॉडेलमध्ये मोठ्या प्रमाणावर जंगलतोड करून पाहिली. पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकला आणि भारतावरचा पाऊस १८ टक्के घटला. लक्षात घेण्याजोगे हे, की त्यात आपल्या इथल्या तोडीपेक्षा उत्तरेकडच्या दूरच्या तोडीचा परिणाम मोठा निघाला. प्लायोसीनमधल्या लार्चचीच ही उलटी बाजू. एवढी तोड प्रत्यक्षात कोणी केलेली नाही. तो एक विचारप्रयोग आहे आणि तसाच सांगावा. पण आपल्या पावसाचा संबंध सैबेरियाच्या रानाशी असू शकतो, हे घोषणेच्या पाटीवर मावत नाही.

वर्गात करण्यासारखे काही द्यावे म्हणून एक साधा प्रयोग. दोन सारखी ताटे घ्यावीत. एकात कोरडी फिकट वाळू, दुसऱ्यात ओलसर काळी माती आणि तिच्यावर हराळीचा एक तुकडा. दोन्ही तासभर उन्हात ठेवून थर्मामीटरचे टोक वरच्या थरात खुपसावे. वाळू जास्त तापलेली निघेल. बरेच जण प्रयोग इथेच थांबवतात आणि विद्यार्थी जुनाच समज पक्का करून घरी जातात. इथे थांबू नये. दोन्ही ताटांवर काचेचे एकेक भांडे पालथे घालावे आणि दहा मिनिटे वाट पाहावी. मग कोणत्या भांड्याच्या आत दव धरले, ती उष्णता कुठून आली आणि थर्मामीटरला ती का दिसली नाही, हे मुलांनाच विचारावे. वाळू आधी कढईत चांगली भाजून घ्यावी. आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा नदीवरून आणलेली वाळू तशीच वापरली होती, आणि दोन्ही भांड्यांना दव आले.